बशीतल्या म्हातारीची साक्ष

मी एक जुनी बुरशी आहे. हे ऐकून तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडलं असेल, तर मित्रांनो, त्यात गैर काही नाही. शिळ्या पावावर, ओल्या चपलांवर आणि सुट्टीत दप्तरात विसरलेल्या डब्यात जे काही उगवतं ते माझं लांबचं गणगोत आहे. मी स्वतः मात्र पाव आणि चपला यांच्यावर कधी जगले नाही. आमच्या घराण्याचा धंदा झाडं मारण्याचा. तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मन लावून करत आलो आहोत आणि त्याबद्दल आमच्यात कुणाला कधी झोप न लागल्याचं ऐकिवात नाही.

माझा जन्म एका कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या रुंद पानांच्या झाडात झाला. कुणीतरी एका आजारी झाडाची फांदी तोडली, करवत न पुसता ती पुढच्या झाडाला लावली आणि करवतीच्या दातांत अडकून माझी आई त्या झाडात शिरली. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आम्ही त्या नळ्यांमधून पसरतो. आम्हाला अडवण्यासाठी झाड घाबरून आपल्याच नळ्यांमध्ये डिंकाचे बोळे कोंबतं आणि मग भर ओल्या जमिनीत उभं राहून तहानेनं मरतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला पाणी कमी पडलं. या गैरसमजावर आमचा निम्मा धंदा चालतो. उरलेला निम्मा जमिनीखाली. रस्त्याच्या कडेला एका ओळीत लावलेल्या झाडांची मुळं वाढता वाढता एकमेकांत सांधली जातात. वर ती नुसती शेजारी दिसतात, खाली त्यांचा एकच संसार असतो. एका झाडातून दुसऱ्यात जायला आम्हाला दार ठोठावावं लागत नाही.

आता एक जरा अवघड गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. माझ्या प्रत्येक पेशीत हजारो जनुकं आहेत. एखाद्या भल्यामोठ्या सरकारी कचेरीत हजारो कारकून असावेत तशी. एक खातं लाकडाच्या भिंती विरघळवणारी विकरं बनवतं. एक खातं विष बनवतं. झाडानं माझ्यावर सोडलेलं औषध पचवणारं आणखी एक खातं आहे. पण कचेरीतले सगळे कारकून एकाच वेळी काम करतात असं तुम्ही कुठे पाहिलंय? काम अंगावर आलं तरच उठायचं, नाही तर टेबलावर डोकं ठेवून पडायचं. माझ्याकडेही तोच कारभार. जिवंत लाकडाचा स्पर्श झाला, उपासमार झाली, झाडानं प्रतिकार केला की ती खाती खडबडून जागी होतात. साखर समोर आली की सगळे झोपतात. शास्त्रज्ञ माझ्यातले आरएनए नावाचे संदेश मोजून कोणतं जनुक जागं आहे आणि कोणतं घोरत आहे याची हजेरी घेतात. हजेरी अगदी अचूक निघते. फक्त ती कुठे उभं राहून घेतली, हे ज्यानं त्यानं लक्षात ठेवायचं असतं.

कारखान्यापाशी माझं झाड वाळलं तेव्हा एक तरुण संशोधक बाई तिथे आली. तिनं खोडाची ढलपी काढली, हुंगली आणि हसली. आमच्या घराण्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. मला तिनं प्रयोगशाळेत नेऊन काचेच्या चपट्या बशीत ठेवलं. बशीत बटाट्याचं पाणी आणि साखर घालून थिजवलेली जेली होती. मी तेव्हा दिसायला राखट, चिवट आणि जागोजागी काळपट होते. कुणी फोटो काढावा अशी नव्हतेच. माझ्यावर अभ्यास करून ती डॉक्टर झाली, मग त्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही तिला ताईच म्हणते.

बशीतली जेली संपत आली की माझा एक तुकडा कापून नव्या बशीत लावायचा, असा रिवाज होता. तुकडा कुठला घ्यायचा? ताईच्या हाताला एक सवय होती. ती बशी उजेडात धरायची आणि जिथे मी सर्वांत भरभर, पांढरी आणि मऊ वाढले असेन तिथली कड निवडायची. "ही बघ कशी तरारली आहे," असं म्हणायची. तिच्याकडे शिकायला येणारे सगळे तिचं बघून तेच करायचे. कुणाचंच मन राखट, काळपट तुकड्याकडे जायचं नाही आणि तो तुकडा कचऱ्यात जायचा. मित्रांनो, विष बनवण्यात ताकद खर्च होते. ती खाती जागी ठेवणारी माझी राखट लेकरं बशीत मागे पडायची, आणि ज्या लेकरांनी ती खाती कायमची बंद करून टाकली ती फुरसतीत गुबगुबीत व्हायची. दर वेळी गुबगुबीतांची निवड झाली. अशी वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी मी कापसाच्या पुंजक्यासारखी शुभ्र, गोलमटोल आणि पूर्णपणे निरुपयोगी झाले. माझ्या विषाच्या खात्यातला शेवटचा कारकूनही निवृत्त झाला होता.

प्रयोगशाळेत मला म्हातारी म्हणत. माझा मोठा केलेला फोटो दाराशेजारी लावला होता आणि पाहुणे आले की ताई आधी मला दाखवायची, मग चहा विचारायची. माझी जुनी, राखट प्रत अतिथंड कपाटात गोठवून ठेवलेली होती, पण ते कपाट एका उन्हाळ्यात बंद पडलं तेव्हा आतलं सगळं फेकावं लागलं. ताई म्हणाली, "म्हातारी आहे ना हातात, मग रडायचं कशाला?"

एका सकाळी तिचा भाऊ वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी घेऊन आला. तो शहराच्या झाडांचा अधिकारी होता. अंगावर कायम पानांचा चुरा असायचा.

"ताई, शाळेच्या रस्त्यावरचं टोकाचं झाड वरून वाळायला लागलंय," तो म्हणाला. "शेंडा गेला. ही तिथली फांदी."

ताईनं फांदी हुंगली. "केळं."

"म्हणूनच आलो. ते झाड आणि त्याच्या शेजारचं पाडतो. पुढे कमरेइतका खोल चर खणून मुळं तोडतो. बाकीची ओळ वाचेल. पण पानं फुटायच्या आत करायला हवं. एकदा पानं पाणी ओढायला लागली की ही मुळांतून भराभर पुढे सरकते."

"मग कर की."

"लोक करू देत नाहीत ना! एक झाड आजारी म्हणून दोन का पाडता, विचारतात. तुझा शब्द हवा मला. याच रस्त्यावर तू मला सायकल शिकवलीस, आठवतं? चौथ्या झाडावर आपटलो होतो."

"चौथं नव्हे रे, पाचवं. चौथ्याला तर तू चुकवलंस आणि टाळ्या घ्यायला मागे वळलास."

ताईच्या हाताखाली एक चष्मेवाली संशोधक होती. तिनं फांदीतून बुरशी वेगळी केली, तिची ओळख पटवली आणि ताईला सांगितलं, "मॅडम, आपल्या म्हातारीचीच जात. अगदी सख्खी म्हणावी इतकी जवळची."

शेजारच्या बशीत ती आली तेव्हा मी तिला पाहिलं. राखट, चिवट, काळपट. मी तरुणपणी कशी दिसायचे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

चष्मेवाली म्हणाली, "मी सरळ फांदीच्या लाकडातूनच आरएनए काढून बघू? झाडात असताना तिची कोणती जनुकं जागी आहेत ते कळेल."

"लाकडातून काढायचं म्हणजे निम्मा डिंकच हाती येतो. दोनदा फसेल, तिसऱ्यांदा जमेल. तोवर पानं फुटतील," ताई म्हणाली. "शिवाय कशाला? जात तीच, घराणं तेच. म्हातारीची सगळी हजेरी आपल्याकडे तयार आहे. तिला रोपांवर टोचून बघ. झाडं मारायची धमक असेल तर दिसेलच."

"पण मॅडम, म्हातारी इतकी वर्षं बशीत आहे..."

"अगं, वाघ पिंजऱ्यात ठेवला म्हणून काय गवत खातो?"

चष्मेवाली हसली. हसायला नको होतं, पण वाक्य चांगलं होतं आणि वरिष्ठांचं होतं.

मला रोपांवर टोचलं. रोपांची साल जखमी होती, लाकूड ओलं होतं, समोर सगळं होतं. मी कचेरीत हाका मारल्या. विषाचं खातं? कुणी नाही. विकरांचं खातं? टेबलं रिकामी. मी त्या जखमेवर दोन दिवस पाहुण्यासारखी बसले आणि झाडानं मला सहज झटकून टाकलं. रोपांना नवी पानं आली. हजेरीचा निकालही तोच होता. रोगाची सगळी जनुकं चिडीचूप.

भाऊ निकाल ऐकायला आला तेव्हा ताईनं त्याला हिरवीगार रोपं दाखवली. "बघ. ही बुरशी झाडात असते, पण दुबळी आहे. झाड मुळात तहानेनं कमजोर झालंय, त्याचा ही फायदा घेते आहे. पाणी घाल. पाडू नकोस."

"नक्की ना, ताई? माझं मन सांगतंय..."

"तुझं मन लहानपणी कपाटात वाघ आहे असंही सांगायचं."

"वाघ नव्हता, उंदीर होता. आणि तो खरंच होता," भाऊ म्हणाला. पण आवाज पडला होता. आयुष्यभर ताईचं बरोबर निघत आलं होतं.

शाळेच्या सभागृहात रस्त्यावरच्या रहिवाशांची सभा झाली. ताईनं मला सोबत नेलं. बशीला चिकटपट्टी गुंडाळली होती आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं पाहत होते. बशी हातोहात फिरली.

"अय्या, हा तर कापसाचा बोळा!"

"हिला घाबरून झाडं पाडणार होते? साहेब, तुम्ही दाढी करताना ब्लेडला तरी घाबरत नाही ना?"

सभागृह हसलं. शेवटच्या रांगेत उभा असलेला शाळेचा शिपाईही हसला. तो मधल्या सुट्टीत टोकाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा. त्यानं मला दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, "हिच्यानं काय होणार हो?"

त्याला मी काय उत्तर देणार? माझ्यानं खरोखरच काही होणार नव्हतं. मित्रांनो, त्या दिवशी मी कुणाशीही खोटं बोलले नाही. मला जे विचारलं त्याचं उत्तर मी अगदी प्रामाणिकपणे दिलं. प्रश्न फक्त चुकीच्या बुरशीला विचारला होता.

चर खणला गेला नाही. रहिवाशांनी पाळ्या लावून झाडांना नळीनं पाणी घातलं. मुलांनी खोडांना रंगीत पट्टे बांधले. झाडांच्या मुळाशी तळी साचली आणि त्या तळ्यांत पाय बुडवून झाडं तहानेनं मरायला लागली. पहिल्या उन्हाळ्यात टोकाची काही गेली. पुढच्या उन्हाळ्यात आजार रस्त्याच्या मध्यापर्यंत आला, त्याच्या पुढच्या वर्षी पार दुसऱ्या टोकाला. माझ्या राखट बहिणीला घाई नव्हती. ती मुळांमधून शेजारी शेजारी जात राहिली, जशी एखादी बाई दारोदार हळदीकुंकवाचं नव्हे, मरणाचं आवतण देत जावी.

टोकाच्या झाडाची वाळलेली फांदी एका दुपारी वारा नसताना खाली आली. शिपाई खुर्चीत बसला होता. सावली कधीच गेली होती, पण जागेची सवय सुटली नव्हती. तो जागच्या जागी गेला.

ही बातमी भावानं प्रयोगशाळेत येऊन सांगितली. तो खुर्चीवर बसला नाही. दाराशी माझ्या फोटोखाली उभा राहून बोलला.

"त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची बायको मला म्हणाली, साहेब, तुम्ही तर पाडायला आला होता ना, मग का नाही पाडलंत? काय सांगू तिला, ताई?"

भाऊ गेला. ताई हात धुण्याच्या भांड्याशी नळ सोडून उभी होती. मग चष्मेवालीला म्हणाली, "त्या पडलेल्या फांदीचं लाकूड आण. डिंक निघो नाही तर दगड निघो."

दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. हजेरीचा निकाल पडद्यावर आला तेव्हा मी खिडकीपाशी माझ्या बशीत होते. माझ्या हजेरीत जिथे काळोख होता, तिथे बहिणीच्या हजेरीत सगळं पेटलेलं होतं. विकरं, विषं, औषध पचवणारी खाती, सगळी कचेरी रात्रंदिवस कामाला लागलेली. चष्मेवालीनं आणखी एक गोष्ट केली. त्याच राखट बहिणीचा तुकडा तिनं साखरेच्या बशीत वाढवून तिचीही हजेरी घेतली. तिथे तीही माझ्यासारखीच गप्प होती. पक्की मारेकरीण, पण साखर चाटताना किती गरीब!

"म्हणजे जातीचा दोष नाही," चष्मेवाली हळूच म्हणाली. "बशीत कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं."

"आणि आपण तर त्यातूनही सर्वांत लाडावलेलीला विचारलं," ताई म्हणाली. माझा फोटो तिनं त्याच दिवशी उतरवला. खिळा मात्र निघाला नाही.

भावाची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली होती. तिथेही त्याच झाडांचा एक लांब रस्ता आहे. दोन्ही बाजूंना वस्ती, दवाखाना, एक लहान मुलांची शाळा. मागच्या महिन्यात त्या रस्त्यावरच्या पहिल्या झाडाचा शेंडा वाळला. यावेळी तो ताईकडे आला नाही. ताईच त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "सभा बोलाव. मी येते."

ती मला घेऊन गेली, आणि वाळलेल्या लाकडाचे काप, आणि दोन कुंड्यांतली दोन रोपं. एका रोपावर मला टोचलं होतं. ते हिरवं होतं. दुसऱ्यावर राखट बहिणीला टोचलं होतं. त्याची पानं वळून तपकिरी झाली होती आणि हात लागला की गळत होती.

ताई उभी राहिली आणि तिनं सरळ सांगितलं, "शाळेच्या रस्त्यावर मी चुकीचं सांगितलं होतं. ही बशीतली बुरशी दाखवून मी लोकांना धीर दिला. झाडातली बुरशी वेगळी वागते. पहिली दोन झाडं पाडा आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे चर खणा. पानं फुटायच्या आत."

पुढच्या रांगेत एक वकिलीण बाई बसली होती. पहिलं झाड तिच्या गॅलरीसमोर आहे.

"मॅडम, तुमचा आदर आहे," ती म्हणाली. "पण तेव्हा तुम्ही इतक्याच ठामपणे पाडू नका म्हणालात. तेव्हा चुकलात, मग आज बरोबर आहात कशावरून?"

ताईनं वाळलेलं रोप उचलून दाखवलं.

"रोपं काय, माझ्या गॅलरीतलीही मरतात," वकिलीण म्हणाली. लोक हसले. हसण्याचा आवाज मला ओळखीचा वाटला.

"शाळेच्या रस्त्यावर पाणी कमी पडलं म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाणी कमी नव्हतं हो!" भाऊ ओरडला. "माणूस गेलाय तिथे, माणूस!"

"मग फांद्या छाटा ना, साहेब. झाड कशाला पाडता?"

"फांद्या छाटायची करवतच तर..." भावानं वाक्य अर्धवट सोडलं आणि तो खाली बसला. ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, इतकंच.

बशी मात्र हातोहात फिरली. एका आजोबांनी मला उजेडात धरलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "काहीही म्हणा, आहे मात्र देखणी." ठराव असा झाला की पानं फुटू द्यावीत, झाडाची तब्येत बघावी आणि मग काय ते ठरवावं.

त्यानंतर मी पुन्हा खिडकीत आले आहे. ताई अजून येते, पण माझ्याकडे बघत नाही. माझा नवा तुकडा लावायची वेळ झाली आहे आणि कुणी लावत नाही. जेलीच्या कडा सुकायला लागल्या आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू अशा वेळी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला जपू नका. मला फार जपलं गेलं आणि त्यातच एक रस्ता आणि एक माणूस गेला. बशी सुकू द्या. पण तुमच्यापैकी कुणी त्या दुसऱ्या रस्त्यावर राहत असेल, तर एवढं करा. घरातल्या मोठ्या माणसाचा हात धरा, त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या मधे उभं करा आणि म्हणा, इथे खणा. तुम्हाला कुणी हसलं तर हसू द्या. काल चष्मेवाली तिकडून येताना एक डहाळी घेऊन आली होती. पहिल्या झाडाची नव्हती ती, दुसऱ्या झाडाची होती. तिनं ती ताईच्या टेबलावर ठेवली आणि सबंध खोलीत पिकल्या केळ्याचा वास पसरला.

तिसऱ्याच्या पानांच्या कळ्या अजून मिटलेल्या आहेत.